जुन्या गाडीचे पाटे बदलण्यापूर्वी

खडकाळ वाटांसाठी जुन्या गाडीचे पाटे, म्हणजे तिचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा (लीफ स्प्रिंग), बदलून ती थोडी उंच करायचा तुमचा विचार असेल, तर तो योग्य आहे. मात्र नवा संच मागवण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवा आणि बुश (पाट्यांच्या टोकांच्या जोडांतली नळकांडी) व शॅकल (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा हलता दुवा) तपासा, कारण गाडी खडखडते तेव्हा दोष अनेकदा पाट्यांत नसून तिथेच असतो.

पाट्यांची निवड गाडीवर कायम राहणाऱ्या वजनानुसार करावी. रिकाम्या गाडीला जड भाराचे पाटे बसवणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होय. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण पाटे लवत नाहीत आणि खडकाळ वाटेवर चाक जमीन सोडते. सुरुवातीला गाडी ५० मिलिमीटरपर्यंत उंचावणे पुरेसे आहे. तेवढ्यासाठीही ब्रेकचे होज (लवचिक नळ्या) आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची लांबी पुरते का, ते पाहावेच. केवळ लांब शॅकल लावण्याचा स्वस्त मार्ग मला पटत नाही: शॅकल जितका लांबवाल, त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि पुढच्या ॲक्सलचा कोन बदलून स्टिअरिंगवर परिणाम होतो.

बसवताना तीन गोष्टी पाळा:

- गाडी केवळ जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर टेकवा.
- यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच वापरा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.
- पाट्यांच्या टोकांचे बोल्ट, विशेषतः रबरी बुश असल्यास, गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा. अधांतरी आवळल्यास बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.