शोधखिडकीतला तारा

मागच्या अंकात संगणकावर शोध कसा घ्यावा याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच चिन्ह पुन्हा पुन्हा डोकावतं : तारा, म्हणजे ऍस्टेरिस्क. सोबत थोडंसं प्रश्नचिन्हही आहे. माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसातले कितीतरी तास 'शोधा आणि बदला' या चौकटीसमोर जातात, त्यामुळे या चिन्हांशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर फोल्डरमध्ये 'अहवाल*' लिहिलं की त्या शब्दाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली येतात. गुगलवर मात्र 'ग्रंथ*' लिहून ग्रंथालय, ग्रंथपाल, ग्रंथसूची अशी पानं एकत्र मिळवायला गेलो, तर तसं काही झालं नाही. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. तारा दोन्हीकडे एकच दिसतो, पण त्याचा अर्थ जागेनुसार बदलतो. पत्त्यांच्या डावात जे पान कुठल्याही पानाच्या जागी लावता येतं, त्यावरून या चिन्हांना वाइल्डकार्ड म्हणतात. मी शिकवताना सरळ 'जोकर' म्हणते. जोकर कशाच्या बदली चालणार हे डावाचे नियम ठरवतात, तसंच इथेही आहे.

फोल्डरमध्ये तारा अक्षरांच्या बदली येतो : एकही नाही, एक किंवा कितीही. म्हणून 'अहवाल*' लिहिल्यावर 'अहवाल', 'अहवाल अंतिम', 'अहवालाचा मसुदा' हे सगळं येतं. प्रश्नचिन्ह नेमक्या एका अक्षराच्या बदली येतं. माझ्याकडे पुस्तकाची प्रकरणं 'प्रकरण१-शुद्ध', 'प्रकरण२-शुद्ध' अशी ठेवलेली असतात. 'प्रकरण?-शुद्ध' लिहिलं की पहिली नऊ येतात, दहावं येत नाही. दहाव्यापासून पुढची हवी असतील तर दोन प्रश्नचिन्हं.

गुगलवर तारा शब्दांच्या बदली येतो, शब्दाच्या तुकड्याच्या बदली नाही. त्यामुळे 'ग्रंथ' या अक्षरांना चिकटवून त्याचा उपयोग होत नाही. त्याची खरी जागा अवतरणचिन्हांच्या आत, अर्धवट आठवणाऱ्या वाक्यात. म्हण आठवते, मधला शब्द आठवत नाही, अशा वेळी "थेंबे थेंबे * साचे" असं अवतरणचिन्हांसकट लिहा. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. 'तळे' समोर येईल. एखाद्या लेखातलं वाक्य कुठून घेतलंय हे तपासताना मी हीच युक्ती वापरते. लेखकाने एखादा शब्द बदलला असेल अशी शंका आली, की त्या शब्दाच्या जागी तारा ठेवते. प्रश्नचिन्हाकडे मात्र गुगल जोकर म्हणून बघत नाही.

तुम्हाला हवा आहे तसा शोध, म्हणजे शब्दाचं मूळ देऊन पुढचं सगळं मागणं, हा ग्रंथालयांच्या सूचींचा आणि संशोधनाच्या माहितीकोशांचा प्रांत आहे. वैद्यकीय लेखांच्या पबमेडमध्ये इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीची निदान ४ अक्षरं लिहून पुढे तारा ठेवता येतो. पण तिथेही जपून. 'चाइल्ड'नंतर तारा ठेवला तर 'चिल्ड्रन' आणि 'चाइल्डहूड' येतातच, शिवाय 'चाइल्डबर्थ'ही येतं, आणि बालरोगांची यादी करणाऱ्याच्या पुढ्यात बाळंतपणाचे लेख येऊन पडतात. शिवाय तारा लावला की पबमेड एरवी आपण होऊन जोडतं ते समानार्थी शब्द जोडणं थांबवतं. म्हणजे एकीकडून जाळं रुंदावतं, दुसरीकडून आखडतं. काही सूचींत ताऱ्याऐवजी डॉलरचं चिन्ह असतं, आणि माहितीकोशांच्या एसक्यूएल या भाषेत टक्क्याचं चिन्ह आणि अधोरेषा ही कामं करतात.

नव्या जागी तारा वापरण्याआधी मी एक करते. ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे असा शोध घेऊन बघते. माहीत असलेली फाइल किंवा ओळ ताऱ्याने सापडली तर पुढे जायचं, नाही सापडली तर तिथली मदत उघडून वाचायची.

प्रश्न : आमच्या कार्यालयात चार जण टाइप करतात. कुणी 'शीर्षक' लिहितं, कुणी 'शिर्षक'. फाइलींच्या नावांतही तेच. प्रश्नचिन्ह वापरून दोन्ही एकदम शोधता येतील का? मी '?शर्षक' लिहून पाहिलं, काहीच आलं नाही. आणि कधीकधी तर अगदी बरोबर लिहिलेलं नावही सापडत नाही, ते का?

उत्तर : या पत्राने मला फार आनंद झाला, कारण मराठीत शोधताना जे खरोखर अडतं ते यात आलंय, आणि इंग्रजीतल्या मदतपानांवर त्याचं उत्तर मिळत नाही.

आपल्या डोळ्यांना 'शि' हे एक अक्षर दिसतं. संगणकात ती दोन चिन्हं असतात : आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी दिसते श-च्या आधी, पण साठवली जाते नंतर. तुम्ही डोळ्यांना दिसलं तसं प्रश्नचिन्ह श-च्या आधी ठेवलंत, म्हणून काही आलं नाही. 'श?र्षक' असं लिहा. श-नंतरचं एक चिन्ह, मग ती ऱ्हस्व वेलांटी असो की दीर्घ, प्रश्नचिन्हाच्या बदली येईल आणि दोन्ही प्रकारच्या फाइली एका यादीत उभ्या राहतील. 'माहिती' आणि 'माहीती' यांच्यासाठी तसंच 'माह?ती'.

मात्र अक्षरं मोजताना डोळ्यांवर विसंबू नका. एक्सेलमध्ये लांबी मोजणारं 'लेन' हे सूत्र आहे. त्याला 'किरण' दिलं तर ते ४ म्हणतं, ३ नाही. 'क्षमा' दिलं तर ५ : क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना. तेव्हा 'क्षमा'तल्या 'क्ष'च्या बदली एक प्रश्नचिन्ह ठेवून भागत नाही, तीन लागतात. जोडाक्षर आलं की मी प्रश्नचिन्हं मोजत बसत नाही, तारा लावते.

आता बरोबर लिहिलेलं नाव न सापडण्याबद्दल. एकदा माझ्या फोल्डरमध्ये 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी होत्या. नाव काना-मात्रेसकट तेच. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत, तरी त्या होत्या. एकीत मी दुरुस्त्या केल्या होत्या आणि छपाईला दुसरी निघाली होती. पाठवण्याआधी पानं उलटून पाहिली म्हणून ध्यानात आलं. तासभर शोधल्यावर कारण कळलं. 'दुसऱ्या'तला हा मराठी अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. कुठल्या तऱ्हेने उमटणार हे तुमचा कळफलक ठरवतो, आणि तुमच्याकडे टाइप करणारे चार जण आहेत, म्हणजे कळफलकही वेगवेगळे असण्याचा संभव आहे.

इथे प्रश्नचिन्ह चालत नाही, कारण दोन्ही रूपांत चिन्हांची संख्याच वेगळी आहे. 'दुसऱ्या' या शब्दात पहिल्या तऱ्हेने ७ चिन्हं, दुसरीने ८. तारा चालतो : 'दुस*या आवृत्ती*'. माझ्या त्या दोन्ही फाइली आता अशाच शोधल्या की येतात. 'ॲप' या शब्दाचंही तेच आहे. 'ॲ' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि अ-वर चंद्र देऊनही तेच रूप उमटवता येतं. पण इतक्या छोट्या शब्दात तारा लावला तर नको ते ढीगभर येईल, म्हणून मी दोन्ही रूपं वेगवेगळी शोधते. काही ठिकाणी शोधयंत्रणा अशी रूपं आपणच एक धरतात, पण त्यावर विसंबून मी फाइल पाठवत नाही.

जुने लेख युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांसाठीची सामायिक संगणकी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर आतला मजकूर कुठल्याच ताऱ्याने सापडणार नाही. तिथे पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांची सांकेतिक चिन्हं असतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

प्रश्न : एक्सेलमधल्या नावांच्या यादीत काही नावांपुढे तारे होते. ते काढून टाकायला 'शोधा'मध्ये तारा लिहिला, 'बदला'ची जागा रिकामी ठेवली आणि 'सगळे बदला' दाबलं. अख्खी यादीच कोरी झाली. असं कसं झालं?

उत्तर : वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. तुम्ही म्हणालात 'तारा काढ', एक्सेलने ऐकलं 'काहीही असेल ते काढ'. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबा, सगळं परत येतं.

तारा हेच चिन्ह शोधायचं असेल तर त्याच्या आधी टिल्ड लिहायची, म्हणजे कळफलकावरची लहानशी लाट : ~*. प्रश्नचिन्हासाठी ~? आणि खुद्द टिल्डसाठी ~~. ही लाट म्हणजे एक्सेलला सांगणं, की पुढचं चिन्ह जोकर नाही, जसं आहे तसं वाच. 'सगळे बदला'च्या आधी 'सगळे शोधा' दाबा. किती चौकटी सापडल्या तो आकडा खाली येतो. तारे वीसेक आहेत आणि आकडा चारशेचा आला, तर तिथेच थांबायचं.

वर्डमध्ये उलटं आहे. तिथे वाइल्डकार्ड वापरण्याच्या चौकटीत तुम्ही खूण करेपर्यंत तारा हा साधा ताराच असतो. खूण केल्यावर तो जोकर होतो, आणि मग खरा तारा शोधायला टिल्ड नाही, उलटी तिरकी रेघ लागते : \*. खूण केलेली असताना वर्डमधला तारा शब्द ओलांडतो, वाक्य ओलांडतो, परिच्छेदही ओलांडतो. 'दुस*या' लिहिलंत तर 'दुसरा दिवस उजाडला तेव्हा त्या' इथपर्यंतचा सगळा तुकडा तो उचलेल, कारण 'दुस'नंतर पहिलं 'या' त्याला तिथे भेटतं. फाइलींच्या नावांत जी युक्ती मी वर सांगितली, ती सलग मजकुरात 'सगळे बदला'सोबत अजिबात वापरू नका.

प्रश्न : माझी भाची प्रोग्रॅमिंग शिकते. ती म्हणते, नुसता तारा चुकीचा, त्याच्या आधी टिंब हवं. कोण बरोबर?

उत्तर : भाची तिच्या जागी बरोबर आहे. ती रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये मजकुराचा नमुना लिहून शोधण्याच्या पद्धतीबद्दल बोलतेय. गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून ते आलं आहे, आणि त्या ताऱ्याला आजही क्लीनी तारा म्हणतात. तो कशाच्याही बदली येत नाही. 'माझ्या मागे जे आहे ते शून्य किंवा कितीही वेळा' एवढंच तो सांगतो. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, म्हणून टिंब आणि तारा मिळून आपला नेहमीचा जोकर होतो.

भाचीला एक करून बघायला सांगा. 'हाहाहा' शोधायला तिने 'हा*' लिहिलं, तर तारा 'हा'ला लागणार नाही, नुसत्या कान्याला लागेल, कारण ताऱ्याच्या लगेच मागे काना आहे. म्हणजे एकटा 'ह'ही जुळेल. '(हा)*' असं कंसात घ्यावं लागेल. आणि शून्य वेळाही चालतं म्हटल्यावर जिथे काहीच नाही तिथेही ते जुळेल. निदान एकदा तरी हवं असेल तर ताऱ्याच्या जागी अधिकचं चिन्ह.

प्रश्न : पासवर्ड लिहिताना दिसणारे तारे, तळटीपेचा तारा आणि फोनवरचा तारा, यांचा या शोधाच्या ताऱ्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : नाव तेवढं एक. ऍस्टेरिस्क या शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ छोटा तारा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ऍरिस्टार्कस हा विद्वान होमरच्या काव्याच्या संहिता तपासताना, दुसरीकडे पुन्हा आलेल्या ओळींपुढे समासात तारा काढत असे. माझ्या कामातला तारा त्याच वंशातला. पासवर्डचे तारे फक्त झाकण आहेत. फोनच्या बटणांवर तारा आणि हॅश १९६८ साली आले, त्याआधी बटणांच्या फोनवर दहाच बटणं होती. तिथला तारा हे नुसतं एक बटण आहे. *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, आणि त्यातल्या ताऱ्याच्या जागी दुसरं काहीही चालत नाही.