कझाकस्तानची राजधानी आणि पहाटेचे पाच

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. भिंतीवरच्या तक्त्यावरून 195 देशांच्या राजधान्या, चलनं, भाषा तोंडपाठ. रोज पहाटे पाचला मी चाचणी घेतो. मध्येच फाटे फोडतो, 'ब्राझीलमध्येच पोर्तुगीज का' असलं विचारत बसतो. गणेशोत्सवात स्टेजवर त्याने कझाकस्तानची राजधानी 'अस्ताना' सांगितली. मी खालून ओरडून 'नूर-सुलतान' अशी दुरुस्ती केली, तेव्हापासून चाचणीला बसतच नाही. आयएएससाठी आतापासून फाउंडेशन क्लास लावू का?
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. क्लासचं नंतर बघू. आधी हे ऐका : तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर होतं. त्या शहराचं नाव 2019 मध्ये नूर-सुलतान केलं आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना झालं. भिंतीवरचा तुमचा तक्ता जुना आहे. म्हणजे बरोबर उत्तर दिलं म्हणून पोराचा चारचौघांत पाणउतारा झाला, तोही बापाकडून. मग पुन्हा कशाला बसेल तो चाचणीला? मीही बसले नसते. त्याची माफी मागा, आणि जमल्यास मंडळाच्या त्याच मंडळींसमोर. जड जाईल तुम्हाला. स्टेजवर त्यालाही गेलंच होतं.

राजधान्या पाठ झाल्या की यूपीएससीचा पाया झाला, हा समज कुठून येतो कोण जाणे. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न. त्यात शहर आणि देशाच्या जोड्या कधीमधी येतात, पण अलेप्पो किंवा मोसुलसारख्या, म्हणजे बातम्यांतून. ज्याने बातमी वाचली त्याला ते येतं. तक्त्याचं म्हणाल तर तो शिळा होतो. क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 ला कुना सोडून युरो घेतला. बोलिव्हियाची राजधानी घटनेनुसार सुक्रे, सरकार मात्र ला पाझमध्ये. दक्षिण आफ्रिकेला तर तीन राजधान्या; तुमच्या तक्त्यात रकाना एकच असणार. मुख्य परीक्षा तर सगळी लेखी उत्तरांची. इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलर, हे एका ओळीत संपतं. बँका कोसळल्या, महागाई भडकली आणि 2000 साली त्या देशाने स्वतःचं चलनच सोडून दिलं, इथून अर्थशास्त्र सुरू होतं.

आणि ज्याला तुम्ही फाटे म्हणता, ती तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ आहे. 1494 मध्ये तोर्देसियासच्या तहात स्पेन आणि पोर्तुगालने न पाहिलेल्या जमिनीसुद्धा अटलांटिकवर एक उभी रेघ मारून वाटून घेतल्या. दक्षिण अमेरिकेचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आजच्या ब्राझीलचा किनारा, पोर्तुगालच्या बाजूला पडला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपणहून त्या रेघेपर्यंत पोचला होता, तुम्ही त्याला परत रकान्यात बसवलंत.

आयएएस असो की परराष्ट्र सेवा, परीक्षा एकच; पदवी लागते आणि वयाची 21 वर्षं. पुष्कळ वेळ आहे. भाषांची गोडी टिकली तर बारावीनंतर जेएनयूत परदेशी भाषेत बीए करता येतं. न टिकली तरी काही बिघडत नाही.

क्लास लावू नका. एक चांगला ॲटलास आणा, तक्ता रद्दीत घाला, पहाटे पाचला त्याला झोपू द्या. सवय सुटतच नसेल तर स्वतः उठा आणि संध्याकाळी त्याला तुमची चाचणी घेऊ द्या. सुरुवात बुरुंडीपासून करा. तिथेही तुमचा तक्ता बहुधा चुकलेला आहे.