पारा 34 वर, पण जीव मात्र कासावीस: उन्हाळा आणि गडगडाटाची प्रश्नोत्तरे

गेला आठवडाभर गोव्याच्या किनारपट्टीवर एकच वेळापत्रक चालू आहे. सकाळी आठ वाजताच घामाच्या धारा, दुपारी पंख्याखालीसुद्धा चैन नाही, चारच्या सुमारास डोंगराकडे काळेभोर ढग, आणि संध्याकाळी कुठे पाऊस तर कुठे नुसताच गडगडाट व बत्ती गुल. त्यामुळे या खेपेची बहुतेक पत्रे याच विषयावरची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देतो.

प्रश्न (वास्को): नोकरीनिमित्त बारा वर्षे नागपुरात काढली. तिथे 43 अंशांतही स्कूटरवरून कामाला जायचो. इथे मोबाईल 34 दाखवतो आणि जीव नकोसा होतो. मोबाईल खोटा की माझे वय झाले?

मोबाईल बरोबर आहे आणि वयाचा दोष असलाच तर थोडा. घाम वाळला तरच अंग निवते. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर तो शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकून खाली पडला तर जवळजवळ फुकट गेला. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता बहुधा 15-20 टक्क्यांवर असते, घाम दिसायच्या आतच उडून जातो. आपल्याकडे त्याच वेळी ती 65 टक्के असते. हवेने आधीच पोटभर पाणी पिऊन घेतलेले, ती तुमचा घाम कुठे घेणार?

तापमान आणि आर्द्रता यांची सांगड घालून उष्मा निर्देशांक काढतात. 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता यांचा निर्देशांक येतो सुमारे 44. म्हणजे तुमची नागपूरशी तुलना अगदी योग्य आहे. दोन्हीकडे शरीरावर पडणारा ताण जवळपास सारखाच. शिवाय हा आकडा सावलीतला. थेट उन्हात उभे राहिलात तर आणखी 7-8 अंशांची भर घाला.

आता यातली गोम अशी की सरकारी व्याख्येनुसार ही उष्णतेची लाट नव्हेच. किनारी भागात कमाल तापमान 37 अंशांवर जायला हवे आणि ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त हवे, तेव्हा लाट म्हणतात. मे महिन्यात गोव्यात ते सहसा होत नाही, कारण अकरा-बारा वाजता समुद्रावरून वारा सुटतो आणि पाऱ्याला तिथेच अडवतो. आपल्याकडचे खरे चढे आकडे पुष्कळदा मार्चमध्ये येतात. तेव्हा सकाळी जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा जोरात असतो, समुद्राचा वारा दुपार उलटेपर्यंत आत शिरू शकत नाही आणि तेवढ्या वेळात पारा चढून बसतो. 2023च्या मार्चमध्ये शाळा दुपारच्या आत सोडायची वेळ आली ती अशाच दिवसांत. म्हादई अभयारण्यातले वणवेही त्याच आठवड्यातले. पण तो कोरडा उन्हाळा होता. मे महिन्यातले 34 अंश मार्चमधल्या 37 अंशांपेक्षा अंगाला जड जाऊ शकतात. माझे चालले तर रोजच्या बातमीत पाऱ्याशेजारी आर्द्रता छापणे मी सक्तीचे करीन.

रात्री झोप लागत नाही त्याचेही मूळ हेच. हवेतल्या बाष्पाचे दव व्हायला ती ज्या तापमानापर्यंत उतरावी लागते, ते सध्या 25-26 अंशांवर आहे. त्याच्या खाली रात्रीचा पारा फारसा जातच नाही. त्यात स्लॅबचे घर असेल तर दिवसभर तापलेले छत मध्यरात्रीपर्यंत ऊब देत राहते. संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि शक्य असेल तर स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, जुन्या घरांत हा त्रास कमी, कारण नळे पातळ असतात, त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि संध्याकाळी ते लगेच निवतात.

प्रश्न (म्हापसा): एसी परवडत नाही. कूलर घेऊ का?

नको. कूलर हवेत पाणी मिसळून ती थंड करतो. नागपुरात 43 अंशांची हवा त्यातून 25-26 अंशांची होऊन बाहेर येते. म्हापशात 34 अंशांची हवा फार तर 29-30वर येईल, तीही दमट होऊन. बंद खोलीत तासाभरात कपडे अंगाला चिकटू लागतील. त्या पैशांत एक चांगला पंखा आणि एक एक्झॉस्ट घ्या. खिडकीला ओला पडदा लावण्याचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो आहे, तोही विदर्भातच ठेवा.

प्रश्न (दाबोळी): चार दिवस पूर्वेकडे आभाळ फाटल्यासारखे गडगडते. साखळी-वाळपईला पाऊस पडतो, सांगेत पडतो, आमच्याकडे नुसता वारा. पाऊस समुद्रावरून यायचा, तो डोंगरावरून कसा येतो? आणि आमच्यापर्यंत का पोचत नाही?

समुद्रावरून येतो तो मोसमी पाऊस. वळवाचा कारखाना घाटात असतो. समुद्राचा वारा दुपारभर बाष्प आत ढकलत राहतो, ते सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन थडकते. घाटाचे उतार तापलेले असतात, त्यामुळे ही दमट हवा वर उचलली जाते. वर थंड थर मिळाला की ढग तासाभरात 12-15 किलोमीटर उंच होतो. म्हणून दोनपर्यंत निरभ्र दिसणारे आभाळ चार वाजता काळे होते. त्या उंचीवरचा वारा पूर्वेकडून वाहत असेल तर तो ढगाला आपल्याकडे ढकलतो. उलटा असेल तर ढग बेळगावच्या बाजूला जातो आणि आपल्याला नुसत्या विजा दिसतात.

पोचत का नाही, याचे गणित सोपे आहे. घाटाच्या पायथ्याचे मोले ते तुमचा किनारा हे सरळ रेषेतले अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. ढग ताशी 30 किलोमीटरने सरकला तर त्याला सुमारे दीड तास हवा. एकट्या गडगडाटी ढगाचे आयुष्य अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर. तो फोंड्याच्या अलीकडे-पलीकडेच रिकामा होतो. त्यातून किनाऱ्यालगतची हवा समुद्राच्या वाऱ्याने खालच्या थरात थंड झालेली असते, तिला वर उठायचा उत्साह नसतो. मग तुमच्या वाट्याला येतो तो मेलेल्या ढगातून खाली कोसळून पसरलेला गार वारा. धूळ उडवत, दारे आपटत येतो तोच.

मात्र हा वारा कधीकधी समुद्राच्या वाऱ्याला आडवा भिडतो आणि त्या रेषेवर नवा ढग उभा राहतो. तसे झाले की किनाऱ्यावर अर्ध्या तासात रस्ते तुंबतात आणि माड आडवे होतात. कोणत्या गावावर ही रेषा जुळेल ते सकाळी कोणीही सांगू शकत नाही. तुम्ही एवढे पाहा: वारा पश्चिमेकडचा असताना अचानक थांबला, पाच-दहा मिनिटे पान हलेनासे झाले, आणि मग पूर्वेकडून गार झोत आला, तर गच्चीवरचे कपडे काढायला वेळ फारसा उरलेला नाही.

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त उकडते अशी तक्रार आणखीही काहींनी केली आहे. ती खरी आहे. भिजलेल्या जमिनीतले पाणी सकाळच्या उन्हाने हवेत जाते.

प्रश्न (पेडणे): यलो अलर्ट ऐकून दोन दिवस सोलां (कोकमाची साले) उन्हात घातली नाहीत. दोन्ही दिवस लख्ख ऊन. तिसऱ्या दिवशी घातली आणि चार वाजता सर आली, सगळी भिजली. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याचे, दिवस आहेत, या अलर्टांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

तुमचा राग समजतो. आगळाचे (कोकमाच्या रसाचे) पूट देऊन पुन्हापुन्हा वाळवलेल्या सोलांवर एकदा पावसाचे पाणी पडले की बुरशी धरायला वेळ लागत नाही. पण यलोचा अर्थ 'पाऊस पडणार' असा नाही, 'लक्ष ठेवा' असा आहे. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. शिवाय हा इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो. सत्तरीत पाऊस पडला तरी उत्तर गोव्याचा इशारा खरा ठरतो, पेडण्यात तुमचे अंगण कोरडे राहिले तरी.

तुमच्या कामाचा इशारा वेगळा आहे. हवामान खाते दर काही तासांनी पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देते, तो रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून केलेला असतो. दिवसभराच्या यलोकडे पाहून सोलां आत ठेवू नका. सकाळी नऊला घाला, दोन वाजता तो तीन तासांचा अंदाज पाहा आणि पूर्वेकडे नजर टाका. फुलकोबीसारखे फुगणारे ढग वर जाऊन ऐरणीसारखे सपाट पसरलेले दिसले की उचला. कडक ऊन अकरा ते दोनचेच असते, त्यानंतरचा तास-दीड तास सोडून दिल्याने फारसे बिघडत नाही.

तुमच्याच तालुक्यात आगरवाड्याच्या मिठागरांवर यापेक्षा कठीण परिस्थिती असते. तिथे काही उचलून आत नेता येत नाही. वाफ्यातले खारे पाणी दिवसेंदिवस आटवून दाट केलेले असते. एका सरीने ते पातळ झाले की पुन्हा मीठ धरायला कित्येक दिवस लागतात, आणि मे महिन्यात तेवढे दिवस हातात नसतात.

प्रश्न (काणकोण): आमची मुले सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) क्रिकेट खेळतात. विजा चमकू लागल्या की एकटे काजूचे झाड आहे, त्याखाली जातात. मोबाईल बंद करायला सांगतो. एवढे पुरे ना?

मोबाईल चालू राहू द्या, झाड सोडा. खिशातला मोबाईल वीज ओढत नाही. तारेचा जुना टेलिफोन मात्र गडगडाटात उचलू नये. उघड्या सड्यावरचे एकटे झाड ही विजेला सापडणारी सर्वांत उंच वस्तू. वीज झाडावर पडली की झाडातला रस क्षणात उकळून वाफ होते आणि साल फुटून उडते. बुंध्याजवळ उभ्या माणसाकडे ती आडवी उडी मारते, आणि मुळांच्या आजूबाजूची जमीनही काही क्षण विजेने भारलेली असते. झाडाखालची गुरे एकदम मरतात ती यामुळेच: पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो.

चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजायला मुलांना शिकवा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तर स्टंप तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा चारचाकीत जायचे. पत्र्याची शेड, बसथांबा, स्कूटर हे आडोसे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच मैदानात उतरणारे पुष्कळदा यातच सापडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटर परिघातली वीज दाखवते, ते मोठ्यांच्या फोनवर असू द्या.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, ही समजूत अजूनही ऐकू येते. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 फिरवायला सांगा. हात लावायला घाबरण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याच्या जिवाची असतात.

प्रश्न (कळंगुट): उन्हाळ्यात हुर्राक (काजूची दारू) थंड पडते असे आमच्याकडे म्हणतात. खरे का?

बर्फ, लिंबू आणि चिरलेली मिरची घातल्यावर जिभेला थंड लागणारच. पण दारूने लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातले पाणी कमी होते. घ्यायचीच तर ऊन उतरल्यावर, सोबत भरपूर पाणी पिऊन. घेतल्यावर समुद्रात उतरू नका. मे अखेरीला पाण्याखालची ओढ वाढलेली असते. दुपारसाठी मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे सरबत यांना तोड नाही.

प्रश्न (मडगाव): वडील 78 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवा दुपारी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसल्याबसल्या चक्कर आली. काय काळजी घ्यावी?

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढणाऱ्या असतात. त्यांची तशी आहे का ते डॉक्टरांना विचारा, पण मनाने बंद करू नका. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, तेव्हा विचारत बसू नका, दर तासाला पेला हातात द्या. जुलाब किंवा फार घाम असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर हेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

खरा धोका ओळखायचा तो बोलण्यावरून. असंबद्ध बोलू लागले, ओळखेनासे झाले, अंग भट्टीसारखे लागले तर तो उष्माघात. आपल्या दमट हवेत अशा वेळीही अंगावर घाम असू शकतो, त्यामुळे घाम आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. 108ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतून पंखा लावा, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

प्रश्न (शिवोली): हाच पावसाळा समजायचा का? घराचे नळे परतायचे आहेत, कामेरी (मजूर) मिळत नाहीत. अजून किती दिवस हातात आहेत?

हा पावसाळा नव्हे. दुपारी तापून संध्याकाळी पडणारा, विजांचा आणि तासाभरात आटोपणारा पाऊस वळवाचा. मोसमी पाऊस आला की ढग दिवसभर राहतात, तो रात्री-पहाटेही पडतो, गडगडाट कमी होतो आणि पश्चिमेचा वारा रात्रीही थांबत नाही. हवामान खात्यालाही एका सरीवरून निर्णय घेता येत नाही. केरळ व परिसरातल्या ठरावीक 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस आणि सोबत पश्चिमेच्या वाऱ्याचा पुरेसा जाड थर, असे जुळले तरच तिथे आगमन जाहीर होते. त्यानंतर तो आपल्याकडे यायचा.

सर्वसाधारणपणे गोव्यात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. पण त्या भरवशावर राहू नका. 2025 मध्ये तो 24 मे रोजी केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी गोव्यात. शिवाय मोसमी पावसाआधी अरबी समुद्रात वादळ झाले तर तेवढेच पुरते; 16 मे 2021 रोजी तौक्ते किनाऱ्याजवळून गेले तेव्हा किती घरांची छपरे उडाली ते तुमच्या बार्देश तालुक्याला सांगायला नको. म्हणून 20 मेपर्यंत नळे परतून घ्या. काम पहाटे सुरू करा, नळे काढाल तेवढेच त्या दिवशी बसवा, ताडपत्री हाताशी ठेवा, आणि पूर्वेकडे ढग असो वा नसो, कामेऱ्यांना दोन वाजता छपरावरून खाली उतरवा.