पऱ्हाट्या गेल्या कुठे?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की खानावळ असेल, पोळीभाजी केंद्र असेल, भरीत पार्टीच्या ऑर्डरी घेत असाल तर एका पानाची वेबसाइट घरीच करा, त्यासाठी कुणाला हजारो रुपये मोजू नका. त्यावर एवढे मेसेज आले की विचारू नका. निम्मे कोडबद्दल, निम्मे वांग्याबद्दल, जळगावात दुसरं काय होणार म्हणा.

भुसावळच्या एक ताई विचारतात: मी ऑर्डरने भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या करून देते. तुमचं वाचून मुलाने पान बनवलं, पदार्थ शोधायला वर छोटी चौकटपण टाकून दिली. पानावर ठळक लिहिलंय, ‘पऱ्हाट्यांवर (म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेलं भरीत’. पण चौकटीत पऱ्हाट्या टाकलं की काहीच सापडत नाही. शब्द डोळ्यासमोर आहे आणि म्हणतंय नाही म्हणून!

ताई, मुलाला रागावू नका, त्याचं काही चुकलं नाहीये. घोळ त्या आडव्या र चा आहे. हा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे नुक्तावाला ऱ घ्यायचा, त्याला हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) द्यायचा आणि पुढे ह. दुसरी जुनी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी पहिल्या ‘पऱ्हाट्या’त 9 कोड आहेत आणि दुसऱ्यात 10, म्हणजे त्याच्यासाठी हे दोन वेगळे शब्दच झाले. पानावर एक असेल आणि चौकटीत दुसरा पडत असेल तर कसा सापडणार.

उपाय सोपा आहे. पानावरचा एक असा शब्द कॉपी करून त्यातला तेवढा र-ह चा तुकडा एडिटरच्या फाइंडमध्ये टाका, रिप्लेसमध्ये नव्या पद्धतीने टाइप करा (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J दाबलं की ऱ येतो, मग D वर हलन्त), आणि सगळीकडे एकदम बदलून टाका. मुलाला सांगा, शोधायच्या चौकटीत गिऱ्हाईक जे टाइप करेल त्यावरही हाच बदल आधी करून घे आणि मगच शोध. आणि फोनवर घाईत लोक सरळ रफार देऊन ‘पर्हाट्या’ लिहितात, तेही धरून चला, गिऱ्हाइकाचं शुद्धलेखन तपासायला आपण बसलेलो नाही.

आपल्या पानावर मात्र रफार चालवून घेऊ नका हं. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. एकदा मीच एका लग्नाच्या हिशोबात ‘आचार्यांना 4000’ लिहून ठेवलं होतं, आमचे काका दोन दिवस विचारत होते की एवढी दक्षिणा कोणत्या महाराजांना दिली.

अमळनेरचे एक दादा: मेन्यू कार्ड छापलं तेव्हाची फाइल डीटीपीवाल्याकडून आणली, त्यातला मजकूर पानावर पेस्ट केला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं आली. मग वैतागून कार्डाचा फोटोच टाकला. चालेल ना?

चालतंय पण चालवू नका. ती फाइल जुन्या फॉन्टची आहे. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा लावतो, चेहरा काढला की आतलं बाहेर. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला, आणि खरं सांगू का, चाळीस-पन्नास ओळींचा मेन्यू असेल तर तासाभरात नव्याने टाइप होतो, तेच बरं. टाइप करून फाइल यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) सेव्ह करा आणि पानाच्या अगदी सुरुवातीला तसं सांगणारा मेटा टॅग टाका, नाहीतर पुन्हा चमत्कारिक अक्षरं.

फोटोचं म्हणाल तर, यूटीएफ-8 मध्ये आपलं एकेक अक्षर, मात्रासुद्धा, 3 बाइट खाते. ‘भरीत’ म्हणजे 12 बाइट. अख्खा मेन्यू 2000 अक्षरांचा धरला तरी सहा केबीच्या आसपास. तुमचा कार्डाचा फोटो सहज 3-4 एमबीचा असेल, शेतात रेंज नसलेल्या माणसाला तो गोल गोल फिरत बसतो, आणि शेवभाजीचा भाव वाढला की परत नवा फोटो. मजकूर असला की फोनवरून एक आकडा बदला, झालं.

आणि दादा, अक्षरांमध्ये अंतर सोडायची जी सेटिंग आहे तिला हात लावू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, दीडपट-पावणेदोनपट, नाहीतर वरच्या वेलांट्या कापल्यासारख्या दिसतात.

पुण्याहून, मूळच्या यावलच्या: कोडबिड नको, गॅसवर आपल्याकडचं भरीत जमेल का तेवढं सांगा.

जमेल, पण पऱ्हाट्यांचा धूर येणार नाही हे आधीच मान्य करा. कापूस वेचून झाल्यावर ज्या वाळक्या काड्या उरतात त्यांच्या जाळावरची ती चव आहे, ती गॅसला कुठून येणार. वांगं मात्र आपलंच शोधा, ते मोठं, हिरवं-पांढरं, जळगावच्या भरीत वांग्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे. सुरीने टोचून घ्या नाहीतर फुटतं, मंद आचेवर फिरवत फिरवत पार काळं होऊ द्या, साल काढा आणि ठेचा. आपल्याकडे लाकडी बडजीत ठेचतात, तुमच्याकडे खलबत्ता असेल तर तो घ्या, पण मिक्सर नको, त्याची खीर होते. हिरवी मिरची-लसूण भरड ठेचून, तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग मिरची, भरपूर कांद्याची पात, मग वांगं, वरून कोथिंबीर. हळद नाही. टोमॅटो तर नाहीच नाही.

धरणगावहून: दारावर क्यूआर लावला होता, सहा महिन्यांनी अचानक बंद पडला.

माझ्या मावसभावाचंही असंच झालं, दोनशे स्टिकर छापून बसला होता. एका फुकट साइटवरून केलेला कोड होता, तो आधी त्यांच्याकडे जायचा आणि मग आपल्या पानावर, मुदत संपली की पैसे मागतात. कोड करताना ‘स्टॅटिक’ निवडा, त्यात तुमचा पत्ताच थेट काळ्या-पांढऱ्या चौकोनांत बसलेला असतो, बंद पाडायला मध्ये कुणीच नसतं. छापायच्या आधी दोन वेगळ्या फोनवर, आणि संध्याकाळी दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली स्कॅन करून बघा.

रावेरहून एका ओळीत: शेवभाजीपुढे किती मिरच्यांची चित्रं टाकू?

तीन. पुण्याचा नंबर दिसला तर फोन करून एकदा विचारून घ्या.