लाइनमन खेळ सोडल्यावर काय करतो? विली डेव्हिसची गोष्ट

तुम्ही विचारलंत: तुमचा भाचा टेक्सासात हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला भिडणारा गडी आहे आणि त्याच्या आईला, म्हणजे तुमच्या ताईंना घोर लागलाय, की या जागेवरच्या पोरांना ना नाव ना जाहिराती, मग खेळ संपल्यावर ती करतात काय? (लाइनमन म्हटल्यावर इथे निम्म्यांना खांबावर चढलेला एमएसईबीचा माणूस आठवला असेल. हा वेगळा!)

मी विस्कॉन्सिनात बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे माझं उदाहरण इथल्या ग्रीन बे पॅकर्स या टीमचंच असणार: विली डेव्हिस. लुइझियानात जन्म, लहानपण टेक्सारकानात, आई क्लबात स्वयंपाकाला. ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून खेळला. एनएफएल ही तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग. तिच्या १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, क्लीव्हलँडच्या टीमने त्याला घेतला तो थेट १५ व्या फेरीत, म्हणजे बऱ्याच उशिरा. १९६० मध्ये ग्रीन बेचे कोच लोम्बार्डी यांनी त्याला मागून घेतलं आणि डाव्या टोकाला डिफेन्समध्ये उभा केला.

हे काम एकदा नीट बघा. एक हात गवतावर टेकवून, ढुंगण वर करून बसायचं, चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड गड्याला बाजूला सारून क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, झडप घालायची. कबड्डीतला कोपरारक्षकच म्हणा, फक्त अंगावर दीडशे किलोचा माणूस लोटलेला. डेव्हिसने पॅकर्ससाठी १० सीझनमध्ये एकही मॅच चुकवली नाही. पाच वेळा अजिंक्यपद, त्यात सुपर बोल या अंतिम लढतीचे पहिले दोन्ही. पण क्वार्टरबॅकला पाडल्याची, म्हणजे सॅकची, अधिकृत नोंद एनएफएलने १९८२ पासून ठेवायला घेतली. त्यामुळे त्याची जन्माची मेहनत रेकॉर्डबुकात शून्य! १९८१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतला, हे त्यातल्या त्यात बरं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. त्या काळी पगार बेताचे, सीझन संपला की सगळेच कुठे ना कुठे नोकरी धरायचे. डेव्हिस त्या रिकाम्या महिन्यांत शिकागो विद्यापीठात एमबीएला बसला. पुरी व्हायला काही वर्षं लागली, १९६८ ला डिग्री हातात आली, तेव्हा तो अजून मैदानात होता. १९६९ चा सीझन खेळून थांबला आणि लॉस एंजेलिसमध्ये श्लिट्झ बिअरची डिस्ट्रिब्युटरशिप घेतली. श्लिट्झ मिलवॉकीची, तेव्हाचा बडा ब्रँड. पुढे कंपनी घसरली, १९८२ ला विकलीही गेली. पण डेव्हिसने तोवर ऑल प्रो ब्रॉडकास्टिंग काढून लॉस एंजेलिस आणि मिलवॉकीत रेडिओ स्टेशनं घेतली होती. शिवाय डाऊ केमिकल, सारा ली, एमजीएम अशा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होता, आणि शेवटी खुद्द पॅकर्सच्याही. २०२० मध्ये वारला.

सगळे असे निघत नाहीत, हे मान्य. नावावर हॉटेल काढून दोन वर्षांत शटर ओढलेलेही आहेत. माझ्या मते फरक एवढाच, की डेव्हिसने धंद्याची शाळा गुडघे शाबूत असतानाच सुरू केली.

म्हणून भाच्याला एनएफएलबद्दल विचारू नका. डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत तो काय करतो ते विचारा, आणि कॉलेजची ऑफर आली तर तिथे कुठला विषय मिळतोय तेही. आणखी एक: डेव्हिस जेमतेम ११० किलोचा होता, आजचे लाइनमन सहज १३५ च्या वर जातात. ताई आत्ता हौसेने पराठ्यावर लोण्याचा गोळा ठेवत असतील, तो खेळ सुटल्या दिवशी बंद करावा लागेल.