"मावशी, त्या इंजेक्शनमुळेच झालं ना?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हिच्या प्रेग्नन्सीत नवऱ्याची नोकरी गेली, घरात रोज वादावादी, सातव्या महिन्यात बीपी वाढलं, डॉक्टरांनी डिलिव्हरीआधी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि बाळ 31व्या आठवड्यातच झालं, मग 5 आठवडे काचेच्या पेटीत. आता लेक 6 वर्षांचा आहे, मिक्सर लावला की कान दाबून पलंगाखाली जातो, डबा तसाच परत आणतो, आणि सासूबाई म्हणतात, "हार्मोनची इंजेक्शनं घेतलीस, पोराचं डोकं बिघडवलंस."

आधी इंजेक्शनचं बघू. ते टोचलं तुला, पण होतं त्याच्यासाठी. वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याची कच्ची फुफ्फुसं लवकर तयार करतं, म्हणजे जन्मल्यावर ती चिकटून बसत नाहीत. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर कळा कशा सुरू होतात ते बघत होते, तर हे औषध मिळालेली, इतकी आधी जन्मलेली की जगायलाच नको होती अशी कोकरं चक्क श्वास घेताना दिसली! 1972 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी बायकांवरचा अभ्यास छापला, आणि त्यातली मुलं 30 वर्षांची झाल्यावर परत तपासली, तर बुद्धी, स्मरणशक्ती, मन यात फरक नाही, फक्त शरीर इन्सुलिनला किंचित कमी दाद देत होतं. 2020 साली फिनलंडमधून या इंजेक्शनने मुलांच्या वागण्याच्या तक्रारींचा धोका वाढतो का ते बघणारा एक मोठा अभ्यास आला हे खरं, पण तो धोका मुख्यतः इंजेक्शन घेऊनही पूर्ण दिवसांच्या झालेल्या मुलांत दिसला. तुझं तसं नाहीये ना.

आता टेन्शन. त्याचा काहीच परिणाम नाही असं खोटं मी बोलणार नाही, पोटात असताना आणि नंतर पेटीत, सुया, नळ्या, मॉनिटरची पीं पीं, आईचा हात नाही, एवढ्याशा जीवाला ते सोपं नसतं. पण ते टेन्शन तू एकटीने थोडंच तयार केलंस? (सासूबाईंना विचारू नकोस, मनात ठेव.)

आणि मॉन्ट्रियलचे संशोधक मायकल मीनी यांच्या उंदरांचं ऐक. ज्या पिल्लांना आई भरपूर चाटते ती मोठेपणी कमी घाबरट होतात, आणि कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीकडे दिली तर तीही शांत निघाली. उंदीर आहेत, माणसं नाहीत, मान्य, पण भित्रेपणा जन्मतःच कायमचा ठरून गेला असं तरी त्यातून दिसत नाही.

म्हणून करायचं काय, तर मिक्सर लावायच्या आधी त्याला सांग, जमलं तर बटण त्यालाच दाबू दे, आणि पलंगाखालून ओढून काढू नकोस, तूच खाली जाऊन बस. शाळेत डबा गोंगाटापासून जरा लांब खायला मिळेल का विचार. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो, तिथे मुलांची तपासणी आणि थेरपी फुकट होते, कान आणि डोळे आधी तपासून घे कारण लवकर जन्मलेल्यांत ते राहून जातं. तुझी रात्रीची झोप उडालीये असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, तेही तिथल्या डॉक्टरांना सांग. जाताना डिस्चार्ज कार्ड ने, आणि नवऱ्यालाही ने, बाहेर गाडीत नाही, आत खुर्चीवर बसव.