आधी मांड, मग किलोमीटर

मुलगी नऊ वर्षांची आहे. सहा महिने मैदानात घोडा शिकते. आता तिला बाहेर लांबच्या रपेटीला जायचंय. फार लवकर होतंय का? (जुळे सोलापूर)

वयाआधी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, बघा. लांब दोरीवर घोडा गोल फिरत असताना लगाम न धरता, हात कमरेवर ठेवून ती दुडकीत स्थिर बसते का? घोडा अचानक थबकला तर मानेवर पडते की सावरते? सावरत असेल तर बाहेर न्या. मात्र घोड्याच्या मोरकीची (तोंडावरच्या पट्ट्यांची) दोरी सोबतच्या मोठ्या स्वाराच्या हातात हवी. पहिले काही महिने तासाभराची रपेट, तीही बहुतेक चालीनेच. मूल दमलं की आधी पाय सैल पडतात, मग ते लगामाला लोंबकळतं आणि त्याचा त्रास घोड्याच्या तोंडाला होतो. पाय सैल दिसले की उतरवायचं, पायी चालवायचं. लांब पल्ल्याचे मोठे स्वारही घोड्याला आराम म्हणून उतरून चालतात, त्यात कमीपणा नाही. एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर ज्या वर्षी वयाची १४ वर्षं पूर्ण होतात, त्याआधी भागच घेता येत नाही. घाई कुणालाच नाही.

ओळखीच्या माणसाकडे वरातीची घोडी आहे. बँड, फटाके, गर्दी, कशालाच बुजत नाही. मुलाला तिच्यावर शिकवू का? (अक्कलकोट रोड)

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच असतं. बँडला सरावलेली घोडी बाभळीच्या काट्यांत फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजू शकते. वरातीत मोतद्दार (घोडी सांभाळणारा) तिच्या तोंडाशी असतो, माळावर नसतो. शिवाय नाचवायला शिकवलेल्या घोडीला लगाम ओढला की पुढचे पाय उचलायची सवय असू शकते. नवशिकं मूल तोल गेला की लगामच ओढतं. पुढचं सांगायला नको.

मालकाला लगामाचा तोंडातला भाग दाखवायला सांगा. काटेरी असेल तर तिथूनच परत फिरा; प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो. लहान मुलासाठी मला भीमथडी तट्टू आवडतं. भीमेच्या खोऱ्यातलंच जनावर, बेताच्या उंचीचं, टणक खुरांचं. धनगरांच्या बिऱ्हाडासोबत ते सामान वाहत रानोमाळ चालतं, म्हणजे लांब चालणं त्याच्या अंगातच असतं. अकलूजच्या बाजारात उंच, देखण्या घोड्यांवर नजर खिळते. मुलासाठी बघत असाल तर त्यांच्यापुढून सरळ चालते व्हा.

मे महिन्याच्या सुट्टीतच वेळ मिळतो. सोलापूरच्या उन्हात चालेल का? आणि घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हे खरं का? (मोहोळ)

लांब रपेट मे महिन्यात नको. उजाडताच निघून साडेसातपर्यंत परत, एवढंच. लांबचं काय ते दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत.

पाण्याबद्दलचा समज जुना आणि हट्टी आहे. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत घोड्याला वाटेत मिळेल तिथे पाणी पिऊ देतात आणि अंगावर गार पाणी ओतत राहतात. घोडा घामावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्या घामाबरोबर पाणी आणि क्षार दोन्ही जातात. पाणी अडवलंत तर उलट पोटशूळाला आमंत्रण.

मुलाला स्टेथोस्कोप घेऊन द्या. डाव्या कोपरामागे लावून १५ सेकंद ठोके मोजायचे. निवांत घोड्याचे मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. एन्ड्युरन्समध्ये प्रत्येक फेरीनंतर पशुवैद्य तपासतात आणि ठरलेल्या वेळेत ठोके ६४ वर आले नाहीत तर घोडा बाद. म्हणजे १५ सेकंदांत १६. हिरडी दाबून सोडली की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. दहा वर्षांचं मूल हे सहज शिकतं. थांब्यावर ठोके उतरत नसतील तर त्या दिवशीची रपेट तिथेच संपली, हा निर्णयही त्यालाच घेऊ द्या.

सायकलचं हेल्मेट चालेल का? (होटगी रोड)

नाही. घोडेस्वारीचंच घ्या, हनुवटीचा पट्टा आवळून. एकदा जोरात आपटलं की बदला. बूट टाचेचे हवेत, नाहीतर पाय रिकिबीत आरपार जातो आणि पडलेलं मूल फरफटतं. लगाम मनगटाला गुंडाळायचा नाही, मुलाला खोगिराला बांधायचं तर मुळीच नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत नुसता फेटा बांधून बसवलेली पोरं पाहिली की माझ्याच छातीचे ठोके ६४ च्या वर जातात.

मुलगा १३ वर्षांचा, चांगला स्वार आहे. कार्तिकीला आम्ही बापलेक सोलापूरहून घोड्यांवर पंढरपूरला जाऊ म्हणतोय. (बाळे)

सत्तरेक किलोमीटर होतात. चालीने घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो, म्हणजे विसावे धरून अख्खा दिवस मोडेल. एका दिवसात नको. माउलींचे अश्वही मुक्काम करत करतच पंढरीला जातात. तुम्ही तीन दिवस धरा आणि आधी दोन-तीन महिने आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवा.

मला खरी काळजी रस्त्याची वाटते. कार्तिकीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू होतो. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, वर कर्ण्यावर गाणी आणि मागून लोंबणारं पाचट, यापुढे भलाभला घोडा बिथरतो. शेताकडेच्या मुरमाच्या वाटा धरा, अंधारात चालू नका. सोबत एक गाडी असू द्या, पाणी, चंदी (घोड्याचा खुराक) आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. निघण्याच्या आठवडाभर आधी नालबंदाकडून नाल तपासून घ्या. आदल्या दिवशी ठोकलेली नाल दुखली तर कळायला वेळच उरत नाही. आणि मुलाची धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही बघा.